नवं पिस्तूल, अडकणाऱ्या पुंगळ्या आणि मॅगझिन: काही महिन्यांच्या वापरानंतर

पिस्तूल चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. ९ एमएम, पॉलिमर फ्रेम, ट्रिगर नव्याच्या मानाने साफ, पकड हातात नीट बसते. कंपनीचं नाव मुद्दाम टाळलंय, कारण पुढचं सगळं जवळजवळ कुठल्याही सेमी-ऑटोमॅटिकला लागू पडेल. सुरुवातीला झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वरचेवर अडकत होत्या. खोट निघाली ती मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीत.

हे सांगितलं की बरेच जण मान हलवतात. मॅगझिनचं काम गोळी वर ढकलायचं, पुंगळी बाहेर फेकण्याशी त्याचा काय संबंध? चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते त्या जागेतून, पुंगळी ओढतो एक्स्ट्रॅक्टर, तिला ठोकर देऊन खिडकीबाहेर उडवतो इजेक्टर. खरं आहे. पण हे घडतं स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाताना, आणि नेमकी त्याच वेळी मॅगझिनमधली सगळ्यात वरची गोळी स्लाइडच्या पोटाला खालून घासत असते. नवं मॅगझिन गच्च भरलं की तो दाब सर्वाधिक. त्यात स्लाइडला पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग नवी आणि ताठ, काडतूस हलक्या भाराचं, म्हणजे कमी दारूचं. स्लाइडचा जोर तिथेच खर्ची पडतो, ती पूर्ण मागे पोचत नाही, इजेक्टरची ठोकर लेचीपेची बसते आणि पुंगळी खिडकीत उभी अडकते. नेमबाज याला स्टोव्हपाइप म्हणतात.

पुंगळी चेंबरमध्येच राहून गेली, तर ती वेगळी तक्रार. तेव्हा एक्स्ट्रॅक्टरचा हुक, त्याची स्प्रिंग किंवा मळलेलं चेंबर बघायचं. अनेक जण दोन्हींना सरसकट ‘जॅम’ म्हणतात आणि तिथेच शोध भरकटतो.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती रंगाची पेन. प्रत्येक मॅगझिनच्या बुडावर आकडा टाकला आणि रेंजवर वहीत एवढंच लिहीत गेलो: मॅगझिन कोणतं, गोळी कितवी, पुंगळी कुठे अडकली. काडतूस तेच, हात तोच, बदलायचं फक्त मॅगझिन. थोड्याच दिवसांत चित्र स्पष्ट झालं. एक नंबर फक्त पूर्ण भरलेलं असताना, पहिल्या-दुसऱ्या गोळीला त्रास द्यायचं. दोन नंबर कुठेही, कधीही.

एक नंबरचा इलाज सोपा होता. एक गोळी कमी भरायची आणि पिस्तुलाला रुळायला वेळ द्यायचा. ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे नळीतून सुटणाऱ्या शिशाच्या वजनाचं माप) हलक्या काडतुसांऐवजी १२४ ग्रेनची, थोडी जोरकस काडतुसं वापरल्यावरही फरक पडला. नुसता ग्रेनचा आकडा बघून मात्र काडतूस जोरकस ठरत नाही, कारण दारूचा भार कंपनीगणिक बदलतो. पुस्तिकेत सांगितलेल्या मर्यादेपलीकडचं काडतूस यासाठी वापरायचं नाही. आता हे मॅगझिन पूर्ण भरूनही चालतं.

दोन नंबरने जास्त डोकं खाल्लं. ते उघडून पुसलं, कारण नव्या मॅगझिनमध्ये गंज टाळायला लावलेलं तेल असतं आणि त्यावर काजळी धरते. आतून कोरडंच ठेवावं. स्प्रिंग उलटी बसलेली नाही हेही पाहिलं. उलटी बसली तर फॉलोअर, म्हणजे गोळ्यांना खालून वर ढकलणारा तुकडा, नाक खाली करून बसतो. फरक पडला नाही. मग दोन्ही मॅगझिनच्या वरच्या कडा, म्हणजे फीड लिप्स, कॅलिपरने मोजल्या. दोन नंबरची एक कड उघड फाकलेली होती. त्या बाजूने पुढची गोळी गरजेपेक्षा वर बसायची आणि बाहेर निघणाऱ्या पुंगळीला खालून धक्का द्यायची. पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या पकडीतून आधीच सुटली, तर इजेक्टर मारणार कशाला? पक्कड घेऊन कड वाकवण्याचा सल्ला भरपूर मिळाला. मी ते केलं नाही, तुम्हीही करू नका. तिथे मिलिमीटरच्या अंशांचा खेळ आहे, आणि मॅगझिनमधून दोन गोळ्या एकदम वर सुटू लागल्या तर आगीतून फुफाट्यात. विक्रेत्याने मोजमापं पाहून मॅगझिन बदलून दिलं.

तुमच्याकडे फक्त शेवटच्या गोळीची पुंगळी अडकत असेल, तर संशय मॅगझिनवरून थोडा हलवा. एरवी खालची गोळी पुंगळीला आधार देते आणि सैल एक्स्ट्रॅक्टरची उणीव झाकली जाते. शेवटी खाली गोळीच नसते, म्हणून ती उघडी पडते. याची जुनी परीक्षा अशी: चेंबरमध्ये एक गोळी, मॅगझिन बाहेर, आणि रेंजवर नेहमीसारखा नेम धरून झाडायची. पुंगळी तरीही बाहेर उडाली पाहिजे. मात्र १९३५ सालच्या ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या काही पिस्तुलांत मॅगझिन काढलं की ट्रिगर चालतच नाही, तिथे ही परीक्षा होत नाही. एक्स्ट्रॅक्टर सैल निघाला तर तो जाणत्या बंदूक-कारागिराकडे सोपवा.

१९११ घाटाचं, म्हणजे त्या नावाच्या जुन्या अमेरिकी लष्करी पिस्तुलाच्या धर्तीचं, पिस्तूल वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. स्लाइड मागे अडकवलेली असताना मॅगझिन तळहाताने दणकन हाणू नका. काही मॅगझिन गरजेपेक्षा वर जाऊन इजेक्टरला धडकतात, आणि मग खरोखरच पिस्तूल बिघडतं.

सैल मनगटाचंही कारण सांगितलं जातं आणि ते खोटं नाही. फ्रेम हातात घट्ट नसेल तर स्लाइडला मागे जायला पुरेसा जोर मिळत नाही. पण मग त्रास सगळ्याच मॅगझिनना व्हायला हवा. शंका असेल तर अनुभवी नेमबाजाला तेच मॅगझिन चालवायला द्या.

अडकलेली पुंगळी काढताना नळी लक्ष्याच्या दिशेने, बोट ट्रिगरबाहेर. मॅगझिन काढा, स्लाइड मागे लॉक करा, पुंगळी झटका, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला असेल तर पुढची गोळी झाडूच नका. आधी नळीत शिसं अडकलेलं नाही ना, ते पिस्तूल रिकामं करून बघा.

बदलून मिळालेलं मॅगझिन आतापर्यंत बिनतक्रार चाललंय. उरलेली तक्रार एकच: मॅगझिनचं बूड उघडायला अजूनही बोटं सोलून निघतात.