खान्देशात घरच्या मांसासाठी कोणती कोंबडी पाळावी?

घरी खाण्यासाठी कोंबड्या पाळू पाहणाऱ्यासमोर सहसा ब्रॉयलर, वनराज किंवा गिरिराजसारख्या सुधारित रंगीत जाती, गावरान आणि कडकनाथ असे चार पर्याय येतात, आणि तो लगेच त्यांची वजने व पिल्लांचे दर ताडून पाहू लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत मात्र पिल्ले कोणत्या महिन्यात आणायची हे आधी ठरवावे लागते, कारण भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्या उन्हात वजनांचा तक्ता फारसा कामाला येत नाही.

केवळ वाढीचा वेग पाहिला तर ब्रॉयलरला तोड नाही. सुमारे ६ आठवड्यांत २ किलोंच्या पुढे वजन, आणि तेही साधारण साडेतीन किलो खाद्यावर, हे बाकी कोणत्याही जातीला साधत नाही. पण हाच वेग उन्हाळ्यात तिच्या मुळावर येतो. जड अंगाच्या, सतत खाणाऱ्या पक्ष्याच्या शरीरात उष्णता जास्त तयार होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसल्याने तिला धापा टाकूनच अंग थंड करावे लागते. आणि छपराखालचे तापमान चाळिशीकडे सरकले की कापण्याजोगे झालेले मोठे पक्षीच आधी दगावतात. पत्र्यावर पऱ्हाट्यांचा जाड थर घालणे, भोवती ओली गोणपाटे बांधणे, दुपारी खाद्य उचलून ते पहाटे आणि रात्री देणे या उपायांनी मर कमी होते, परंतु वीस पक्ष्यांसाठी दिवसभर कोणीतरी घरी अडकून राहावे एवढे ते काम आहे. म्हणून ब्रॉयलर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच घ्यावी, असे माझे मत आहे; तेव्हा धुळ्याकडच्या थंड रात्रींत पिल्लांना पहिल्या आठवड्यात बल्बखाली सुमारे ३५ अंशांची ऊब द्यावी लागते, पण ते तुलनेने सोपे आहे. ब्रॉयलरची दुसरी अडचण मात्र हंगाम बदलून सुटत नाही. हे पक्षी एकाच वेळी तयार होतात आणि पुढे ठेवले तर खाद्य वाया जाऊन पाय अधू होऊ लागतात. वीस पक्षी एकदम कापले तर २५ किलोंहून अधिक मांस हाती येते, आणि घरच्या फ्रीजमध्ये, त्यातही वीज जात असताना, ते टिकवायचे कसे हा विचार पिल्ले आणण्यापूर्वीच करायला हवा.

रंगीत जातींचा फायदा येथेच दिसतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज आणि बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची गिरिराज या दोन्ही परसात पाळण्यासाठीच विकसित झाल्या. मोकळे फिरवून वर मका-ज्वारीचा दाणा दिल्यास त्यांचे नर तीन-साडेतीन महिन्यांत दीड ते दोन किलोंपर्यंत जातात, आणि एकेक करून, पाहुणे येतील तसे, कापता येतात. रंगीत पिसांमुळे घारीच्या नजरेत त्या पांढऱ्या ब्रॉयलरपेक्षा कमी भरतात. मात्र त्या सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले आईबापांइतकी वाढत नाहीत, त्यामुळे दर वेळी पिल्ले विकतच आणावी लागतात.

गावरान कोंबडी पाच-सहा महिन्यांत जेमतेम किलो-सव्वा किलो भरते. हिशेबाने ती हरते, पण ऊन सोसते, उकिरड्यावर पोट भरते आणि खुडूक बसून पिल्ले स्वतः वाढवते. शिवाय भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा काळा रस्सा बराच वेळ उकळू द्यावा लागतो. त्यात ब्रॉयलरचे मांस हाडापासून सुटून जाते, गावरानाचे टिकते. मला विचाराल तर वर्षभर खायचे असल्यास पावसाळा सरताना वीसेक वनराज आणाव्यात आणि सोबत तीन-चार गावरान कोंबड्या कायमच्या ठेवाव्यात.

कडकनाथ मध्य प्रदेशातील झाबुआची. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पाच महिन्यांत ती किलोभरच होते, अंड्यावर नीट बसत नाही, आणि पिल्लू महाग असते. काळ्या मांसाची चव आवडत असेल तर थोड्या ठेवाव्यात; औषधी गुणांच्या जाहिराती वाचून ठेवू नयेत. असील ही झुंजीची जात मोठी होते, पण फार सावकाश, आणि तिचे नर एकत्र ठेवता येत नाहीत.

जात कोणतीही असो, स्वस्त मिळतात म्हणून माहीत नसलेल्या ठिकाणचे मोठे पक्षी आणू नयेत. नवापूरला २००६ आणि २०२१ मध्ये बर्ड फ्लूमुळे मोठ्या संख्येने कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या, तेव्हा नंदुरबारकडच्यांना हे वेगळे सांगायला नको. रानीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात. तिची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि एकदा कालवली की काही तासांतच वापरावी लागते, म्हणून गल्लीतल्या तीन-चार घरांनी एकाच दिवशी पिल्ले आणली तर एका कुपीत सगळ्यांचे भागते.