लिनेज की शुद्ध लिनक्स? खिशातल्या डायरीपुरतं

डायरीसाठी वेगळा फोन ठेवायचा, त्यात सिम नाही, गूगलचं खातं नाही, इतपत तुमचं ठरलं असेल तर प्रश्न एकच उरतो. फोनवर मूळच्या प्रणालीच्या जागी अँड्रॉइडच्याच वळणाचं लिनेज टाकायचं, की सरळ पोस्टमार्केटओएस, म्हणजे कॉम्प्युटरवरचं लिनक्सच फोनवर? मी दोन्ही वापरलीत, एकाच वनप्लस ६ वर. २०१८ सालचा फोन, इंदूरच्या जेल रोडवर जुना मिळाला, आणि दोघांनाही चालतो. (पोह्यांचे पैसे द्यायला दुसरा फोन असतोच, म्हणून बँकेचं अ‍ॅप अशा फोनवर चालतं का, हा वाद इथे नको.)

कॅलेंडरात फारसा फरक नाही. घरी रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर रॅडिकाले हा कॅलेंडर सर्व्हर चालतो, कॅलडॅव्ह या कॅलेंडर जुळवायच्या पद्धतीने तो दोन्हीकडून जोडता येतो. लिनेजवर त्यासाठी जोडणी करणारं डॅव्ह-एक्स-फाइव्ह आणि कॅलेंडर दाखवणारं एटार, दोन्ही एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या दुकानात फुकट. मराठीत लिहायला तिथे इंडिक कीबोर्डही आहे.

नोंदींच्या बाबतीत मात्र लिनक्स उजवं, हे कबूल करतो. मी नोंदी ज्यात लिहितो ते लॅपटॉपवरचं ईमॅक्स आपल्या सगळ्या सवयींसकट फोनवर उघडतं, एसएसएचने लॅपटॉपवरूनच, बसल्या जागेवरून फोनच्या आत शिरता येतं. फोन आपला आहे असं पहिल्यांदा तिथेच वाटलं. लिनेजवर ऑर्गझ्ली रिव्हाइव्ह्ड हे अ‍ॅप नोंदींच्या त्याच फायली वाचतं, पण ती मजा नाही.

मग घोडं अडलं कुठे? नळावर.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही पहाटे. वेळेवर मोटर लावली नाही तर दोन दिवस बादल्या मोजत बसा. दर दुसऱ्या दिवशी पाचचा गजर लावला आणि बॅटरी टिकावी म्हणून लिनक्सला रात्री झोपू दिलं. ते झोपलं ते झोपलंच. पावणेसातला मी हात लावल्यावर जागं झालं आणि इमानेइतबारे पाचचा गजर वाजवला. आई म्हणाली, "आता कशाला वाजतोय तो? नळ गेला."

कारण साधं आहे. झोपेत प्रोसेसर थांबतो. त्याला उठवायचं तर घड्याळाच्या चिपला आधीच वेळ सांगून ठेवावी लागते. अँड्रॉइडमध्ये हे काम अलार्म मॅनेजर करतो, सगळ्या अ‍ॅप्सचा निरोप त्याच्याकडे जातो. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर आलेली डोझ ही बॅटरी वाचवायची सोय साध्या आठवणी पुढे ढकलते, पण गजर म्हणून लावलेल्या वेळेला हात लावत नाही. लिनक्सवरही आरटीसीवेक नावाची आज्ञा आहे, फक्त माझ्या गजराच्या अ‍ॅपला तिचा पत्ता नव्हता. स्क्रिप्ट लिहायला बसलो, तर आठवणींची आठवण मलाच ठेवावी लागणार हे ध्यानात आलं. झोपूच दिलं नाही, तर रात्रीतून बॅटरी निम्मी.

आता कोणी म्हणेल, दुसरं अ‍ॅप घे, नवी आवृत्ती टाक. असेलही सुधारलेलं, मी पैज लावणार नाही. तुम्हाला नुसत्या नोंदी ठेवायच्या असतील, गजर टेबलावरच्या घड्याळाचा चालत असेल, तर पोस्टमार्केटओएसच टाका, मला थोडा हेवाच वाटेल. पण डायरीकडून तुमची अपेक्षा असेल की तिने वेळेला हाक मारावी, तर लिनेज. माझ्या फोनवर आता तेच आहे आणि ईमॅक्सची तहान टर्मक्सवर, म्हणजे अँड्रॉइडमध्ये लिनक्सचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या अ‍ॅपवर, भागवतो. काचेवर अंगठ्याने कंट्रोलचं बटण दाबणं हा छळ आहे, पण कोरड्या टाकीपेक्षा बरा.

एका गोष्टीत दोघंही सारखीच हरतात. मधे पाइपलाइन फुटून एक दिवस नागा झाला की पाण्याची पाळी बदलते, आणि कॅलेंडर आपलं पहिल्या तारखेपासूनच दोन-दोन दिवस मोजत राहतं. त्या आठवड्यात शेजारच्या काकू जिन्यातून "नळ आला!" म्हणून ओरडतात, तेच खरं.