कूलिंग पॅडचा उन्हाळाभराचा अनुभव: फॅन ठीक, वायरीने डोकं फिरवलं

जानेवारीत लिहिलेले कूलिंग पॅडचे, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायच्या फॅनवाल्या स्टँडचे, रिव्ह्यू वाचूच नका. जानेवारीत नागपुरात लॅपटॉप गादीवर ठेवून काम केलं तरी निभून जातं. मी हे नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, उरकल्यावर लिहितोय. पॅड तोच, पाच फॅन, निळा लाइट, जाळीचा पत्रा, जो सगळीकडे दिसतो, मला साडेअकराशेला पडला. बाकी स्पेक्स शोधले की सापडतात, मला बोलायचंय ते वायरीबद्दल.

ह्या पॅडच्या वायरीला दोन्हीकडे सेम मोठा यूएसबी आहे. मोबाइलची वायर घरात ढिगाने पडलेली असते, ती चालत नाही. आणि ती वायर पॅडच्या मागच्या कोपऱ्यातून अशी निघते की लॅपटॉप सरकवला की मुडपलीच. ऐन एप्रिलमध्ये, लग्नसराईचे व्हिडिओ एडिटिंगला पडलेले असताना, ती गेली. धरून ठेवली तर फॅन फिरतात, सोडली की बंद.

कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणे पॅडला एक वर्ष वॉरंटी आहे पण केबल अ‍ॅक्सेसरीमध्ये येते. म्हटलं ताई, केबलशिवाय हा पॅड म्हणजे नुसता पाट आहे, मी जेवायला बसू का त्यावर? मग मेल करा, बिल पाठवा, फोटो पाठवा, सगळं झाल्यावर उत्तर आलं की पूर्ण पॅड पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा. तेवढ्या पैशात चार वायरी येतात. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) गेलो तर दुकानदार प्रिंटरची वायर दाखवतो, एक्स्टेन्शनची दाखवतो, ही मात्र कोणाकडेच नाही. बरं, ही असली वायर यूएसबीच्या नियमात बसतही नाही, कारण चुकून दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले तर पोर्ट उडू शकतो. पाच रुपये जास्त घालून साधा टाइप सी सॉकेट दिला असता तर काय बिघडलं असतं?

पण ह्या भानगडीत एक कळलं. वायर नव्हती तेव्हा पॅड तसाच, फॅन बंद ठेवून वापरत होतो. व्हिडिओ एक्सपोर्ट लावला की सपाट टेबलावर प्रोसेसर ९६ अंशांच्या आसपास जातो, शंभराला टेकला की तो स्वतःच स्पीड पाडतो आणि एक्सपोर्ट रेंगाळतो. पॅडवर फॅन चालू असताना ८८-८९ दिसायचं. फॅन बंद, नुसता तिरका ठेवला तर ९१. म्हणजे साडेअकराशेतलं निम्म्याहून जास्त काम मागची बाजू उचलल्यानेच होत होतं, आणि ते मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची झाकणं ठेवली तरी होतं, करून बघितलंय. माझ्या लॅपटॉपची हवा ओढायची जाळी मागच्या कोपऱ्यात आहे आणि पॅडचा मोठा फॅन बरोब्बर मधोमध, म्हणजे तो बिचारा बंद प्लास्टिकवर वारा घालत बसतो. घेण्याआधी लॅपटॉप उलटा करून जाळी कुठे आहे ते बघा.

मे मध्ये तर मत अजून बदललं. फॅन हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. खोली ४० ला असेल तर लॅपटॉपला ४० चीच हवा मिळणार, आणि बहुतेक लॅपटॉप कंपन्या वापरासाठी ३५ पर्यंतच तापमान लिहितात. ज्या शहरात २०१३ च्या मेमध्ये ४७.९ नोंदलं गेलंय तिथे हे ३५ कुठून आणायचं हे काही त्या लिहीत नाहीत. दुपारी दोन वाजता पॅड चालू, तरी आकडा ९५.

मग लॅपटॉप कूलरच्या खोलीत नेला. हे खरं औषध, पण थेट कूलरसमोर ठेवू नका. आमचं पाणी बोअरचं, त्याचे बारीक शिंतोडे स्क्रीनवर वाळून पांढरे ठिपके पडले, आत बोर्डवर काय पडत असेल देव जाणे. बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा कोंडतो.

सगळ्यात जास्त फरक मात्र फुकटात पडला. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं की माझ्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे आपोआप जास्त स्पीड घेणं, बंद होतो. आकडा सरळ ७८ वर आला. एक्सपोर्टला वेळ जास्त लागतो, पण दुपारी लावून झोपायचंच असतं. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही सेटिंग दिसत नाही म्हणे. सोबत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर तीही चालू करा, उन्हाळ्यात फुल चार्ज करून सतत प्लगवर ठेवलं की बॅटरी लवकर खराब होते, फुगूही शकते. आणि लॅपटॉपच्या फॅनमधली धूळ साफ करून घ्या, माझ्या जाळीत अक्षरशः नमद्यासारखा थर निघाला. स्वतः ब्लोअर मारणार असाल तर पात्याला काडी लावून धरा, मोकळं गरगर फिरू देऊ नका.

आता वायर. शेवटी ऑनलाइन मिळाली, एकशेवीस रुपयांना, आणि आली ती वीतभर लांब! लॅपटॉपच्या पोर्टपर्यंत पोचतच नाही. म्हणून पॅडशेजारी एक्स्टेन्शन बोर्ड ठेवून त्यात जुना मोबाइल चार्जर लावला आणि पॅड त्यावर चालवतोय, एक पोर्ट तरी मोकळा झाला. निळा लाइट बंद करायला बटण नाही, त्यावर काळी टेप लावली आहे.

पाचपैकी अडीच स्टार. सातशेच्या वर देऊ नका, आणि बॉक्स उघडून वायर बघितल्याशिवाय तर अजिबात नाही.