मसालेभाताला तांदूळ कोणता: इंद्रायणी, बासमती की कोलम?

आमच्याकडे तांदळाचे तीन डबे आहेत. त्यातला मसालेभाताचा कोणता, हे ठरायला मला सहा-सात वर्षं लागली. गोडा मसाला कोणाच्या हातचा, तोंडली उभी चिरायची की चकत्या करायच्या, गूळ घालायचा की नाही, यावर घरात रीतसर भांडणं झाली. तांदळाबद्दल मात्र कोणी बोलायचंच नाही. डब्यात असेल तो. नव्याने मसालेभाताच्या नादी लागलेल्यांनी एवढी वर्षं घालवू नयेत म्हणून हे लिहितोय. हात माझा, गॅस माझा, भांडं माझं. तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल.

बासमतीचं आधी उरकून घेतो. पुलाव-बिर्याणीत त्याला तोड नाही, तो वाद नकोच. पण मसालेभात म्हणजे पुलाव नव्हे. पुलावातलं शीत आपल्या तोऱ्यात सुटं राहिलेलं चालतं. मसालेभातातलं शीत मोकळं हवंच, शिवाय मसाल्याने माखलेलं हवं, आणि वर तूप घातलं की त्याने ते धरून ठेवायला हवं. बासमतीत माझा मसाला नेहमी तळाशी उतरला. पहिल्या वाढपाला फिका भात, शेवटच्याला ठसका. भिजलेलं लांब शीत फोडणीत परतताना मोडतं ते वेगळंच. आणि डब्यात नेला तर दुपारी दीड वाजता तो असा ताठरलेला असतो की मठ्ठ्याशिवाय घशाखाली उतरत नाही. पाहुण्यांसमोर ताट देखणं दिसावं एवढीच अट असेल तर घ्या बापडे.

खरी चुरस इंद्रायणी आणि कोलममध्ये. पुण्यात राहणाऱ्याला इंद्रायणीविरुद्ध लिहायला जिवावर येतं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून हा वाण तयार झाला, १९८७ साली. आंबेमोहोराचा वास बराचसा उतरला आणि पीकही शेतकऱ्याला परवडेल असं आलं. आज कामशेत-लोणावळ्याकडून येताना गाडीच्या डिकीत इंद्रायणीची गोणी नसेल तर घरचे विचारतात. आमच्याकडे साधा भात इंद्रायणीचाच. वरण, तूप, लिंबू, मेतकूट, काहीही घ्या. त्या मऊ, जरा आसट भाताची सर दुसऱ्याला नाही. त्यामुळे मसालेभातही त्याचाच करायचा, हे मी गृहीतच धरलं होतं.

चवीत इंद्रायणी कमी पडतो असंही नाही. शीत मसाला पितं, तोंडलीचा रस पितं, पहिल्या दहा मिनिटांत खाल्लात तर मी काय म्हणतोय असं वाटेल. माझं बिनसलं ते पाण्यावरून.

इंद्रायणी लोक नवा घेतात, कारण वास नव्याला असतो. दिवाळीनंतर आलेला तांदूळ पाणी कमी मागतो आणि चिकट होतो. तोच पुढच्या पावसाळ्यापर्यंत डब्यात राहिला की पाणी जास्त पितो, मोकळा होतो आणि वास हरवतो. म्हणजे एकाच नावाचा तांदूळ जानेवारीत वाटीला पावणेदोन वाट्या पाण्यात होतो आणि जुलैत त्यालाच दोन वाट्यांच्या वर लागतं. त्यात गोणी बदलली, शेत बदललं, की पुन्हा पहिल्यापासून. दुकानदाराला ‘नवा की जुना’ विचारलं तर तो आपल्या तोंडाकडे बघून उत्तर देतो.

साध्या भाताला हे चालून जातं. पाणी जास्त झालं तर झाकण काढून आटवता येतं, पेज काढता येते, शेवटी वरणाखाली सगळं झाकलं जातं. मसालेभातात चूक दुरुस्तच होत नाही. पाणी कमी पडून कणी राहिली आणि वरून आधण ओतलं, तर वरचा थर धुतला जातो आणि खालचा गिचका होतो. जास्त झालं आणि आटवत बसलात, तर बुडाला लागतं, आणि करपलेल्या गोड्या मसाल्याचा वास तुपाच्या वाटीनेही जात नाही. शितावरून भाताची परीक्षा ही म्हणही इथे दगा देते. वरची शितं वाफेने कोरडी असतात आणि मधली शिजून चुकलेली असतात. कालथा घालून खालून काढल्याशिवाय कळत नाही आणि कालथा घातला की इंद्रायणी मोडतो.

एका गणपतीत बारा माणसांचा स्वयंपाक होता. गोणी नवी, माप जुन्या गोणीचं. झाकण उघडलं तेव्हा तोंडली तेवढी ओळखू येत होती. आत्याने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “खिचडी छान झालीय रे.” ती मनापासून म्हणाली असावी. पण मी त्या दिवसापासून मसालेभाताला दुसरा तांदूळ बघायला लागलो.

कोलम तसा आमच्या घरात ‘रोजचा, साधा’ म्हणून हिणवला गेलेला. वास नाही, कौतुक नाही. यातला वाडा कोलम पालघर जिल्ह्यातल्या वाड्याचा, त्याला झिनीही म्हणतात, आणि २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाड्याचा म्हणून जेवढा विकला जातो तेवढा वाड्यात पिकत असेल का, हा प्रश्न मी दुकानात विचारत नाही. मसालेभातासाठी मला साधा जुना कोलमही चालतो. ‘जुना’ मात्र हवाच. वर्षभर मुरलेला तांदूळ पाणी बेताने पण नेमाने पितो, आणि कोलम विकणारे तो जुनाच ठेवतात, कारण गिऱ्हाईक तसाच मागतं. त्यामुळे माझं माप तीन वर्षांत बदललेलं नाही: दोन वाट्या तांदळाला चार वाट्या आधणाचं पाणी. भाज्यांमध्ये वांगं किंवा टोमॅटो असेल तर त्यातला पाव वाटी कमी.

धुवून अर्धा तास रोळीत निथळला की फोडणीत परतायला घ्या. तीन-चार मिनिटांत शीत कोरडं होऊन कालथ्याला खडखडायला लागतं. तो आवाज आला की गोडा मसाला, तिखट, मीठ आणि मग आधण. इंद्रायणीत हा आवाज मला कधी नीट आलाच नाही. तोवर तो पातेल्याला चिकटायला लागलेला असतो.

आता वासाबद्दल, कारण इंद्रायणीवाले तिथेच अडून बसतात. मीही बसायचो. पण आपण करतोय काय ते बघा. हिंग-मोहरीची फोडणी, लवंग-दालचिनी, वर दगडफूल, तीळ आणि भाजलेल्या खोबऱ्याचा गोडा मसाला. एवढ्या दरबारात तांदळाचा स्वतःचा नाजूक वास कोणाला ऐकू येणार? बासमती आणि आंबेमोहोर या दोन्हींच्या वासामागे मुख्यतः एकच द्रव्य आहे आणि तांदूळ जुना होतो तसं ते कमीही होतं. मुळशीच्या अस्सल आंबेमोहोराला जास्तीचे पैसे मोजायचे आणि वर दोन चमचे गोडा मसाला ओतायचा, हे मला अत्तरावर उदबत्ती लावण्यासारखं वाटतं. तो वरण-भातालाच ठेवावा. आजऱ्याचा घनसाळ मिळाला तर त्यालाही हाच न्याय.

कोलमची उणी बाजू सांगायला हवी. पानात वाढल्यावर तो डोळ्यांत भरत नाही. शीत लहान, मसाल्यात तपकिरी झालेलं. तूप हात राखून घातलंत तर फडफडीत लागतो, इंद्रायणीसारखा स्वतःचा ओलावा त्याच्याकडे नाही. मी शिजताना एक चमचा आणि वाढताना दुसरा घालतो, वर ओलं खोबरं. पथ्यावर असलेल्या माणसाला हा हिशोब जमणार नाही, त्याने खरंच इंद्रायणीचा विचार करावा, थोडा आणि गरम गरम करून.

पण मसालेभात गरम गरम खाल्ला जातो कुठे? आरती लांबते, कोणीतरी ट्रॅफिकमध्ये अडकतं, पंगत दुसरी बसते. झाकणाखाली तासभर बसलेला इंद्रायणी वडीसारखा कापून वाढावा लागतो. कोलम तासाभरात उलट मुरतो. दुसऱ्या दिवशी डब्यात नेला तरी हलक्या हाताने सुटा होतो आणि बासमतीइतका टणक होत नाही. कुकरमध्ये करणार असाल तर या तिघांत थोडीफार क्षमा कोलमच करतो. पाणी पाऊण वाटी कमी, एकच शिट्टी आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची. तोंडली मात्र कुकरात लगदा होतात, ती वेगळी परतून वरून मिसळा.

कोलमची नवी पिशवी आणली की आधी अर्धी वाटी साधा शिजवून बघा. शीत लांबलं आणि बोटांत दाबल्यावर चिकटलं नाही, तर तो जुना. चिकटला तर ती पिशवी इडलीला लावा.

इंद्रायणी घरातून गेलेला नाही. आत्या आली की मी तोच लावतो, साधा, वर वरण-तूप. मसालेभात हवा असेल तर ती स्वतःच कोलमचा डबा काढून देते, आणि पाणी किती घातलंस हे दोनदा विचारते.