प्लॅस्टिकचं तेल भट्टीत कसं जळतं? शिरोली एमआयडीसीतला अनुभव

शिरोलीत आमचं ॲल्युमिनियम कास्टिंगचं छोटं युनिट आहे, तेलावरच्या दोन मुशीच्या भट्ट्या. गेल्या पावसाळ्यापासून त्यातली एक प्लॅस्टिकच्या पायरोलिसिस तेलावर, म्हणजे टाकाऊ प्लॅस्टिक हवेशिवाय तापवून काढलेल्या तेलावर चालवतोय. आजूबाजूचे कारखानदार सारखं विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

जळायला तेल उत्तम आहे. फर्नेस ऑइल, म्हणजे भट्टीत नेहमी जाळतात ते घट्ट तेल, नीट फवारलं जायला शंभर अंशांच्या आसपास तापवावं लागतं. हे पातळ असतं, हीटरशिवाय पेटतं. काजळी खूपच कमी. जुन्या टायरपासून असंच काढलेल्या तेलात गंधक असतं, त्याचा धूर घशाला झोंबतो. तो त्रास इथे नाही. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, तिथवर भट्टी पूर्वीइतक्याच वेळात जाते. वास मात्र उग्र, कपड्यांतून जाता जात नाही.

भाव ठरवताना लिटरच्या दरावर जाऊ नका. किलोमागे उष्णता दोन्ही तेलांत साधारण सारखीच, दहा हजार किलोकॅलरीच्या घरात. पण फर्नेस ऑइलची घनता 0.95 च्या आसपास आणि याची 0.8. म्हणजे तेवढ्याच लिटरमध्ये उष्णता पंधरा टक्के कमी. वजनावरच घ्या.

ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराचा प्लांट बघून या, हे मी सगळ्यांनाच सांगतो. बंद रिॲक्टरमध्ये हवा न लागू देता प्लॅस्टिक चारशे अंशांच्या आसपास तापवतात, वाफ थंड करून तेल काढतात. जी वाफ थंड होत नाही तो गॅस परत रिॲक्टरखाली जाळतात. पण तेलाची प्रत ठरते ती त्याच्याही आधी, निवडणीच्या टेबलावर. आम्ही गेलो तेव्हा एक ताई दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅग, फुटक्या बादल्या वेगळ्या करत होत्या. शंका आली की तांब्याची तार लालबुंद तापवायची, तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की तुकडा बाजूला, कारण तो पीव्हीसीचा. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, तापवलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं आणि पाइप, बर्नर सगळं खातं. ही परीक्षा पाहिली आणि मी ऑर्डर दिली.

‘महापालिकेचा सगळा कचरा घालतो, तेल काढतो’ असं कोणी सांगितलं, तर त्याच्याकडून घेऊ नका. आपल्याकडे कचऱ्यात निम्मा-अर्धा ओलाच. रिॲक्टरची उष्णता पाणी उडवण्यात जाते, वर तेल आंबट आणि पाणीदार निघतं. सुका कचरा घरात वेगळा झाला तरच हे जमतं. पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी घरच्या प्रेशर कुकरमध्ये प्लॅस्टिक तापवून प्रयोग सुरू केले आणि पुढे जेजुरीला प्लांट उभा केला. त्यांनीही लोकांच्या घरून वेगळं केलेलं प्लॅस्टिकच गोळा केलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

आता त्रास. थंडीत सकाळी तेलात मेण गोठतं आणि फिल्टर चोंदतो. आम्ही ड्रम आदल्या रात्रीच आत घेतो, सकाळी गरम पाण्याची कॉइल लावतो. ड्रमखाली जाळ करायचा विचारही करू नका! फर्नेस ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते तो, निदान 66 अंश तरी असतो. या तेलात पेट्रोलसारखे हलके अंश राहिले तर तो बराच खाली येतो. टाकी भट्टीपासून लांब, झाकण घट्ट, आणि प्रत्येक लॉटबरोबर फ्लॅश पॉइंट आणि क्लोरीनचा लॅब रिपोर्ट मागायचाच. पुरवठादाराकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे का, तेही बघा.

पाचपैकी चार. एक गुण थंडीतल्या मेणापायी कापला. दुसरी भट्टी तूर्त फर्नेस ऑइलवरच आहे. उन्हाळ्यात तीही याच तेलावर घेणार.