काळ्या मातीत बारमाही डेझी, वर्षभर लावून पाहिल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना फक्त काय आणावं एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी. विदर्भातल्या गावात, काळ्या मातीत, बोअरच्या पाण्यावर गलांडा आणि शेवंती बिनधास्त लावा, जर्बेरा कुंडीतच लावा, आणि नर्सरीत पांढरीशुभ्र दिसते ती शास्ता डेझी हिवाळ्यापुरतीच आहे असं समजूनच घ्या. चारही झाडं सूर्यफुलाच्या कुळातली, चारही बारमाही म्हणूनच विकतात, पण चौघींची छाटणी वेगळी आहे, आणि झाड टिकते की जाते हे पाण्याखताहून जास्त छाटणीवर ठरते असं माझं आता पक्कं मत झालं आहे. म्हणून एवढं लांब लिहून राहिली.

मागच्या मृगात शेवंतीचे फुटवे लावून सुरुवात केली, दसऱ्यानंतर बाकीची रोपं आली, आता दुसरा पावसाळा निम्मा झाला. आमची जमीन (दारव्हा तालुका, यवतमाळ जिल्हा) भारी काळी, पावसात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. डेझीला या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत, पावसात बुड सडते आणि उन्हाळ्यात भेग पडली की मुळ्या तुटतात. म्हणून घरामागच्या परसात वीतभर उंच वाफा केला, निम्मी काळी माती आणि बाकी मुरूम, जाड रेती, शेणखत. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, कच्च्यात हुमणी येते आणि ती मुळ्या खाऊन टाकते, वरून झाड पाण्याविना सुकल्यासारखं दिसते म्हणून आपण अजून पाणी टाकतो. नर्सरीची रोपं कोकोपीटमध्ये असतात, तो गोळा एकदा कडक वाळला की त्यात पाणी शिरत नाही, बाजूची माती ओली आणि गोळा आतून कोरडा. लावायच्या आधी बादलीत बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबले की काढायचा आणि खालच्या मुळ्या हाताने मोकळ्या करायच्या.

आता गलांडा. हे झाड मूळचं अमेरिकेतलं असलं तरी आपल्याकडच्या उन्हाला याच्यासारखं दुसरं नाही, लाल मधात आणि कडा पिवळ्या, भर एप्रिलमध्येही फुलून राहते. पण फुलं खुडली नाहीत तर महिनाभरात थंड होते, कारण बी धरलं की झाडाचं काम झालं, मग ते नवीन कळी कशाला काढेल. इथे एक गोष्ट नीट पाहून घ्या, पाकळ्या गळून गेल्यावर जो गोल केसाळ गोंडा राहतो तो पुष्कळांना कळी वाटतो आणि ते तो ठेवतात. कळी वरून चपटी, हिरवी आणि घट्ट असते, गोंडा चेंडूसारखा गोल आणि बोटाला खरखरीत लागतो. गोंडा दिसला की देठ धरून खाली पहिल्या पानापर्यंत जायचं आणि पानाच्या थोडं वर कापायचं, त्याच बेचक्यातून पुढचा कोंब येतो. नुसतं डोकं तोडलं तर वर काटक्या उभ्या राहतात आणि झाड बोडखं दिसते. दोनचार गोंडे मात्र वाळेपर्यंत ठेवा, बी आपोआप पडून आजूबाजूला रोपं येतात, आणि ती लागतातच, कारण गलांड्याचं एक झाड फार वर्षं टिकणारं नाही, दोनेक वर्षांत बुड म्हातारं होते.

मोठी छाटणी गलांड्याला मे महिन्यात अजिबात करू नका. तापमान पंचेचाळीसच्या वर असताना झाड उघडं पडलं की खोडच भाजते. मी मृगाचे दोन चांगले पाऊस होऊन जमीन थंड झाल्यावर निम्म्याने कापलं, आणि आता महालक्ष्म्यांच्या हाराला पुरतील एवढ्या कळ्या आहेत.

शेवंतीवर सगळ्यात जास्त लिहायचं आहे कारण सगळ्यात जास्त आनंद तिनेच दिला. जूनमध्ये फुटवे लावले, महिन्याभराने पाचसहा पानं झाली की शेंडा खुडला, बाजूच्या फांद्या बोटभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडले. सासूबाईंना हे पाहवेना, म्हणाल्या, "चांगलं हिरवं झाड काऊन कापून राहिली वं?" मी म्हटलं आई, वावरात तुरीचे शेंडे तुम्हीच खुडायला लावता ना, तेच आहे हे. मग त्यांनीच नखाने खुडायचं दाखवलं, कात्रीपेक्षा ते सोपं जाते, कोवळा शेंडा टचकन तुटतो. तुटला नाही, वाकला, तर समजायचं उशीर झाला, तिथे लाकूड झालं. खुडणी गणपतीच्या आसपास थांबवायची, त्यापुढे खुडलं तर कळ्याच हातात येतात. न खुडलेली शेवंती उंच एकदांडी होते आणि पहिल्या वादळी पावसात आडवी पडते, खुडलेली घेरदार होते, तिला काडीचा आधारही कमी लागतो.

आणि हे कोणीच सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते, शेवंतीला लांब रात्र लागते. दिवस लहान व्हायला लागले की ती कळी धरते, आणि रात्री तिच्यावर उजेड पडला तर तिला दिवस अजून मोठाच वाटतो. आमच्या ओट्यावर एलईडी बल्ब रात्रभर चालू असतो, त्याच्या खालची कुंडी दिवाळीपर्यंत नुसती हिरवीगार, एक कळी नाही, आणि परसातल्या अंधारातली त्याच फुटव्यांची झाडं पिवळीजर्द. तीच कुंडी घराच्या मागे अंधारात नेली तर काही आठवड्यांनी तिनेही कळ्या धरल्या, उशिरा पण भरपूर. तुमची शेवंती फुलत नसेल तर खत टाकायच्या आधी रात्री बाहेर जाऊन पहा, खांबावरचा लाईट तिच्यावर पडतो का ते.

फुलं संपली की (आमच्याकडे जानेवारीच्या शेवटी) जमिनीपासून चार बोटं ठेवून सगळं कापलं, बुडातून फुटवे आले, तेच पुढचं बेणं. उन्हाळाभर त्यांना नुसतं जिवंत ठेवायचं, खत नाही, जास्त पाणी नाही.

जर्बेरा दक्षिण आफ्रिकेतला, दिसायला राजेशाही, पण नखरे आहेत. याचा गड्डा, म्हणजे जिथून पानं निघतात ती जागा, मातीच्या वर उघडी पाहिजे, मातीत गेली की पावसाळ्यात कुजतेच. आणि याला कात्री लावायचीच नाही. फूल पाहिजे तर देठ बुडाशी धरून बाजूला वाकवायचा आणि थोडा पिळून ओढायचा, अख्खा निघून येतो. कात्रीने कापलं की मागे खुंट राहतो, तो सडतो आणि सड गड्ड्यात उतरते. खालची जुनी पिवळी पानंही अशीच ओढून काढायची म्हणजे हवा खेळते. काळ्या मातीत लावलेल्या जर्बेऱ्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी झाली, ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीचा पीएच आठच्या आसपास असतो आणि जर्बेऱ्याला साडेपाच ते साडेसहा लागतो, लोह मातीत असूनही मुळ्यांना मिळत नाही. संत्रावाल्यांना हा पिवळेपणा चांगला माहीत आहे. चिलेटेड फेरसची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पानांवर फवारणी केली की पुढची पानं हिरवी निघतात, पण ते तात्पुरतं. कुंडीत कोकोपीट, रेती आणि कुजलेलं शेणखत घालून लावला तेव्हापासून त्रास नाही.

शास्ता डेझी कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँकने बऱ्याच जातींचा संकर करून तयार केली, १९०१ साली ती बाजारात आली, आणि ती थंड हवेचीच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये इतकी सुंदर फुलली की रस्त्याने जाणारे थांबून विचारत. फुलून झालेला देठ बुडातल्या पानांपर्यंत कापायचा, अर्ध्यावर नाही, त्याने फुलं महिनाभर जास्त मिळाली. पण एप्रिल लागला तशी पानं करपायला लागली आणि नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वाफ्यातली सगळी गेली, लिंबाच्या सावलीतले दोन गड्डे तेवढे राहिले. आमच्या नर्सरीवाल्याने "बारमाही आहे, काही होत नाही" म्हणून दिली होती, विदर्भात विकताना हे सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटते, माणूस पैसे आणि जीव दोन्ही लावतो.

उन्हाळ्याचं थोडक्यात: पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट, पण चारी बाजूंनी गुंडाळू नका, फक्त वर आणि पश्चिमेकडून. बुडाशी सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) तीनचार बोटं जाड, खोडाला चिकटवू नका, वाळवी येते. पाणी ऊन उतरल्यावर किंवा पहाटे. आमच्याकडे लाईट रात्रीच असते म्हणून टाकी भरून ठेवतो आणि सकाळी झारीने देतो.

हत्यारांचं म्हणाल तर संत्र्याच्या बागेतलं सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) या कामाला जड पडते, कोवळा देठ कापत नाही, चेंगरते, आणि चेंगरलेल्या जागी काळं पडते. टोकदार साधी कात्री घ्या, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटने पुसा. शेवंतीला मावा येतोच, कोवळ्या शेंड्यावर काळे ठिपके दाटीने बसतात, पाच टक्के निंबोळी अर्क (पाच किलो निंबोळी कुटून शंभर लिटर पाण्याला, घरच्यासाठी ५० ग्रॅम एक लिटरला) संध्याकाळी फवारला की आटोक्यात राहतो. युरिया टाकू नका, पानं वाढतात आणि मावाही वाढतो.

यंदा शास्ता आणणार नाही. त्या जागी ॲस्टर लावायचा विचार आहे, फुले गणेश व्हाईट नाहीतर व्हायोलेट. ते एकाच हंगामाचं झाड आहे पण निदान तसं सांगूनच विकतात, आणि पांढऱ्या फुलांची हौसही भागते. लिंबाखालचे शास्ताचे दोन गड्डे दसऱ्यानंतर फोडून कुंडीत घेणार, ज्यांना पाहिजे त्यांनी तेव्हा सांगा. गलांड्याचं बी आत्ताही आहे, भरपूर आहे.