स्प्लिट मादी मागितली, तर काका हसले

चार तारे. बजी, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात ते छोटे रंगीत पोपट, विकणारी दुकानं जळगावात बरीच आहेत, पण जोडीमागचा हिशेब समजावून देणारे काका मला इथेच भेटले. मी भुसावळला गॅलरीत बजी वाढवते, जास्तीची पिल्लं विकते. नव्या दुकानात गेले की आधी एक प्रश्न टाकून बघते, ‘ल्युटिनोला स्प्लिट असलेली हिरवी मादी आहे का?’ म्हणजे दिसायला हिरवी, पण लाल डोळ्यांच्या पिवळ्या बजीचा (ल्युटिनोचा) जनुक आत लपवलेली. बहुतेक जण लगेच पिंजऱ्यात हात घालतात आणि भावही चढवतात. हे काका नुसतं हसले. म्हणाले, “ताई, स्प्लिट नर मागा, देतो. मादी कुठून आणू?”

अगदी बरोबर. अंगातला काळा रंग घालवून डोळे लाल करणारा हा जनुक बजीमध्ये झेड या नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. नराकडे झेड दोन, मादीकडे एकच. नरात एका झेडवर तो लपून राहू शकतो, कारण दुसरा त्याला झाकतो. मादीकडे झाकायला दुसरा नाहीच. ती लाल डोळ्यांची दिसते, नाहीतर तिच्यात तो जनुक नसतोच. हिरव्या मादीचे स्प्लिट म्हणून जास्त पैसे मागणारा एकतर अडाणी, नाहीतर लबाड.

माझ्याकडे अल्बिनो (लाल डोळ्यांचा पांढरा) नर होता आणि पांढरी पिल्लं हवी होती, म्हणून अल्बिनो मादी घ्यायला गेले होते. काकांनी ती विकलीच नाही. माझा नर घरच्या हिरव्या माद्यांशी लावला तर काय होईल, ते आधी पावतीच्या पाठीवर मांडून दाखवलं: मुली पिवळ्या, मुलगे हिरवे, पांढरं एकही नाही. पांढऱ्या बजीत दोन गोष्टी जुळाव्या लागतात, लाल डोळ्यांचा जनुक आणि निळा रंग. निळाही दबून राहणाराच, पण त्याचा नर-मादीशी संबंध नाही, तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. मादी शुद्ध हिरवी असली की अंगातला पिवळा जात नाही. त्याऐवजी साधी आकाशी मादी घ्या, म्हणाले, मुली सगळ्या पांढऱ्या, मुलगे आकाशी पण स्प्लिट. अल्बिनोपेक्षा ती बरीच स्वस्त पडली. (जोडी उलटी लावू नका. अल्बिनो मादी आणि साधा आकाशी नर यांना पांढरं पिल्लू होत नाही.)

या जोडीचा आणखी एक फायदा मला मटक्यात (बजीच्या घरट्यात) डोकावल्यावर कळला. पिल्लाचे डोळे उघडायच्या आधीच कातडीखालून रंग दिसतो. लाल दिसला की मुलगी, काळा दिसला की मुलगा. एरवी अल्बिनोत नर-मादी ओळखणं डोकेदुखी असते, कारण मोठा झाला तरी नराच्या चोचीवरचा भाग निळा होत नाही, गुलाबी-जांभळाच राहतो.

पायातल्या कडीचा नंबर आणि आईबापाचा रंग काकांच्या वहीत असतो. स्प्लिट दिसत नाही, त्यामुळे तुम्ही पैसे मोजता ते खरं तर त्या वहीचे. एकाच मटक्यातली भावंडं ते जोडी म्हणून देत नाहीत. एकच लपलेला दोष दोघांत असला तर पिल्लात तो उघडा पडतो. देशी पोपट ठेवत नाहीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो विकताच येत नाही.

तारा कापला तो सशांसाठी. तिथे बसणारा पोरगा लाल डोळ्यांचा पांढरा आणि निळ्या डोळ्यांचा पांढरा अशी जोडी ‘पांढरीच पिल्लं होतील भो’ म्हणून खपवत होता. दोघांचा पांढरेपणा वेगवेगळ्या जनुकांचा. एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि पिल्लं रंगीत निघतात. दोन्ही लाल डोळ्यांची किंवा दोन्ही निळ्या डोळ्यांची घेतली तरच सगळी पांढरी. सशात लाल डोळ्यांचा जनुक लिंगाशी बांधलेला नसतो, त्यामुळे दोन रंगीत वाहकांनाही चारात एखादं पांढरं होतं. काका असतील तर त्यांनाच विचारा.

उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत जा. वर पत्रा आहे, दुपारी दुकान बंद असतं. पक्षी न्यायला भोकं पाडलेला खोका घरूनच न्या, तिथला फार लहान असतो.